खाकी कव्हरातल्या अर्नेस्टीनबाई

पुस्तकं कशी मारायची, हे मला आयर्लंडमध्ये शिकवलं गेलं. त्याआधी सोलापूरच्या एका वाचनालयात मी आठ वर्षं नोकरी केली होती, पण तिथे पुस्तक मरत नसे. पानं सुटली की दाभणाने शिवायचं, पाठ गेली की रेक्झिन चढवायचं, आणि वाळवीने अगदीच खाल्लं तर कपाटात मागच्या रांगेत सरकवून द्यायचं, म्हणजे त्याचीही लाज राहते आणि आपलीही. पुस्तकाला चुकून पाय लागला तर हात लावून नमस्कार करणारी आपण माणसं. इथे मात्र नोकरीला लागून दोन महिने होतात न होतात, तोच आमच्या शाखेच्या प्रमुख नुआला यांनी माझ्या हातात एक यादी दिली, एक ढकलगाडी दिली आणि सांगितलं, "वसुधा, ही एवढी काढायची."

या कामाला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा सरळ अर्थ खुरपणी. फळ्यांना मर्यादा असते, नवी पुस्तकं येतच असतात, तेव्हा जी कुणी नेत नाही किंवा जी फाटली-मळली आहेत, ती उपटायची. काही दाराशी टेबलावर फुकट ठेवतात, उरलेली लगद्यात जातात. तर्क बिनचूक आहे, मला तो मान्यही आहे. फक्त शेतात तण कुठलं आणि पीक कुठलं हे खुरपणाऱ्या बाईला कळतं. इथे ते कॉम्प्युटर ठरवतो.

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी "परदेशातल्या नोकरीवर लिहा, थोडं बर्फबिर्फ येऊ द्या" असं फोनवर सांगितलं. बर्फ आमच्याकडे जवळपास नाहीच. पाऊस आहे, आणि पाऊस लागला की माणसं ग्रंथालयात येऊन बसतात, त्यामुळे माझा धंदा कायम बरा चालला. आमचं गाव मेयो जिल्ह्यात, कासलबारपासून गाडीने पंचवीस मिनिटांवर. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण इथे प्रत्येक जण प्रत्येकाचा चुलतभाऊ आहे. माझा नवरा अविनाश हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. तो दिवसभर माणसांना झोपवायचा आणि मी ग्रंथालयात जाऊन झोपलेल्यांना उठवायचे, असं आमच्या मुलीचं, गार्गीचं म्हणणं.

बाहेरच्याला वाटतं, ग्रंथपालाचं काम म्हणजे शिक्का मारायचा आणि "शूऽऽ" करायचं. शिक्के गेले. "शूऽऽ" मी मात्र शेवटपर्यंत सोडलं नाही, त्याबद्दल पुढे सांगेन. खरं काम वाचकाची नस ओळखण्याचं. सोलापुरात वाचक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आपला निकाल लिहून ठेवायचे. 'भिकार.' 'अतिशय सुंदर, डोळ्यांत पाणी आले.' त्याखाली तिसरा: 'तुमच्या डोळ्यांत पाणी येण्याचे कारण वेगळे असेल.' मी खोडरबर घेऊन बसायचे. आयर्लंडला येताना वाटलं, हे सुटलं एकदाचं. पण इथल्या म्हाताऱ्या बायका त्याहून बेरकी निघाल्या. मोठ्या अक्षरांतल्या कादंबऱ्या त्या पोत्याने वाचतात आणि कुठली वाचली ते विसरतात, म्हणून प्रत्येकीची एक गुप्त खूण असते. कुणी सातव्या पानाच्या आकड्याखाली रेघ मारते, कुणी अकराव्यावर टिंब देते. मॉरीनबाई नावाच्या ऐंशी ओलांडलेल्या एक विधवा बाई या सगळ्या मंडळाच्या पुढारी, आणि त्यांची खूण म्हणजे एकविसाव्या पानावर पेन्सिलीने काढलेली छोटी किटली. मी खोडरबर उचललं नाही. एवढी शिस्तीची माणसंसुद्धा चोरून पुस्तकावर लिहितात, हे पाहून मला या देशात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

एक अविवाहित शेतकरी दर शनिवारी पाककृतींचं पुस्तक नेत. काय काय करून पाहिलंत, म्हणून मी एकदा विचारलं. "काही नाही," ते म्हणाले, "मी उकडलेले बटाटेच खातो. पण झोपण्याआधी वाचायला ग्रँड असतं." 'ग्रँड' या शब्दात इथे उत्तमपासून बऱ्यापैकीपर्यंत सगळं बसतं, यांच्या बाबतीत ते उत्तम होतं.

आता माझा एक गुन्हा कबूल करते, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. पहिल्या खुरपणीच्या वेळी माझा हात चालेना. तेव्हा मी यादीतली पुस्तकं अविनाशच्या कार्डावर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. पुस्तक वाचकाने नेलं अशी नोंद झाली की ते वाचतं. वर्षभराने नुआलाने मला आत बोलावलं. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, बोलायला मऊ, आणि नजर घारीची. म्हणाली, "वसुधा, तुझ्या डॉक्टरसाहेबांनी यंदा मेंढ्यांच्या रोगांवरची नऊ पुस्तकं वाचली, लाकडी होड्या बांधण्यावरची चार, आणि गरोदरपणातल्या व्यायामावरची दोन. त्यांना विश्रांतीची गरज आहे का?" मी कानाला खडा लावला. पुन्हा खोटी नोंद केली नाही.

अर्नेस्टीन टॉलिव्हर यांचा आणि माझा संबंध आला तो त्याच वर्षी. उंच, सावळ्या नव्हे चांगल्या काळ्याभोर, डोक्यावर रोज वेगळी टोपी, आणि हसणं असं की पलीकडच्या गल्लीतल्या खाटकाने मान वर करावी. त्या दर मंगळवारी येऊन वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात बसायच्या. एकदा गावच्या साप्ताहिकातली हरवलेल्या गाढवाची जाहिरात वाचून त्या इतक्या मोठ्याने हसल्या, की मी काउंटरवरून उठले, त्यांच्यापर्यंत गेले आणि ओठावर बोट ठेवून "शूऽऽ" केलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जाहिरात माझ्यापुढे सरकवली आणि कुजबुजत म्हणाल्या, "बाईसाहेब, हे तुम्ही न हसता वाचून दाखवा." मी वाचलं. मला हसू आलं नाही असं मी त्यांना सांगितलं, आणि ते धादांत खोटं होतं.

त्या लेखिका आहेत एवढं मला माहीत होतं, त्यांची सात पुस्तकं आमच्या फळीवर होती. पण ओळखीच्या माणसाचं पुस्तक वाचायला आपण फारसे उत्सुक नसतो. वाटतं, असेल काहीतरी. त्या वारल्या आणि पाठोपाठ अमेरिकेहून एक तरुण लेखिका आमच्या गावी आली. अर्नेस्टीनबाई कुठल्या खुर्चीत बसायच्या, तेवढं बघायला. खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवून ती मुलगी रडली, आणि मग तिने मला सांगितलं की जॉर्जियातल्या एका खेड्यात टोप्या शिवणाऱ्या बाईची मुलगी अर्नेस्टीन, लहानपणी एका ट्रंकेसकट शिकागोला आली, टपाल कचेरीत वीस वर्षं पत्रं वेगळी करायचं काम केलं, आणि जेवणाच्या सुट्टीत कादंबऱ्या लिहिल्या. "त्यांच्याआधी आमच्या आया कादंबरीत असायच्या त्या दार उघडायला आणि कोट अडकवायला," ती म्हणाली. "अर्नेस्टीनबाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली. मग आम्ही सगळ्या आत आलो." आज तिकडच्या शाळांतून त्यांचे धडे आहेत. आणि मी त्या बाईंना गाढवाच्या जाहिरातीवरून गप्प केलं होतं. त्या रात्री मी त्यांचं पहिलं पुस्तक काढलं, पंधरा दिवसांत सातही संपवली. विचारायच्या गोष्टी शंभर होत्या आणि विचारायला माणूस नव्हतं. ही खंत माझी मला पुरते.

त्या मेयोत कशा आल्या, हे मात्र मला त्यांच्या नवऱ्याकडून कळलं. जॉन जो हे शाळेच्या बसचे ड्रायव्हर, आता निवृत्त. एका उन्हाळ्यात बाई आठवडाभराच्या लेखन-शिबिरासाठी इकडे आल्या, शेवटची एसटी चुकली, म्हणजे इथली एसटी, आणि पावसात टोपी धरून उभ्या होत्या. जॉन जोंनी रिकामी शाळेची बस थांबवली. "मी तिला म्हणालो, मागे बसा, पुढची सीट फाटली आहे. ती फाटक्या सीटवर येऊन बसली," एवढीच त्यांची प्रेमकथा. साठी उलटून गेलेल्या बाई आठवड्यासाठी आल्या त्या कायमच्या राहिल्या.

बाई गेल्यावर जॉन जो त्यांच्या मंगळवारी येऊ लागले. कधी वर्तमानपत्र उघडायचे नाहीत. थेट इंग्रजी 'टी'च्या फळीपाशी जायचे, अर्नेस्टीनबाईंचं एक पुस्तक काढायचे, काउंटरवर आणायचे. पंधरा दिवसांनी ते परत, दुसरं घरी. सात झाली की पुन्हा पहिल्यापासून. अशी सात-आठ वर्षं. मला वाटायचं, माझ्यासारखीच यांनाही खुरपणीची युक्ती कळली आहे, आणि बायकोची पुस्तकं जिवंत ठेवायला हे बिचारे पाळीपाळीने ती नेताहेत. मी कधी विचारलं नाही. ते पुस्तक माझ्यापुढे ठेवायचे, मी नोंद करायचे, ते म्हणायचे, "थँक्स, वसू," आणि पुस्तक कोटाच्या आत घालून पावसात निघून जायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात जॉन जो अंगणात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला योगायोगाने अविनाशच होता. मी दुसऱ्या दिवशी भेटायला गेले. कॉटवर लांबलचक पसरलेला तो माणूस मला म्हणाला, "मंगळवारचं तेवढं बघशील ना? मी येईपर्यंत ती तिथे असली म्हणजे झालं." आपल्याला हो म्हणायची सवय. मी मान हलवून हो म्हटलं.

त्याच आठवड्यात मुख्य कचेरीकडून नवी यादी आली. या वेळी नियम बदलला होता. पुस्तक किती वेळा गेलं हे न पाहता, गेल्या पाच वर्षांत ते किती वेगवेगळ्या माणसांनी नेलं हे पाहायचं. यादीत खालच्या बाजूला एकाखाली एक सात ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीपुढे आकडा एकच: एक. शिवाय शेरा: अवस्था वाईट, पाठ सुटलेली. कोटाच्या आत घालून पावसातून नेलेल्या पुस्तकांची आणखी काय अवस्था होणार.

मी नुआलाकडे गेले. म्हटलं, ही बाई आपल्या गावात राहिली, इथल्याच मातीत आहे. तिलाही वाईट वाटत होतं. पण ती म्हणाली, "गावातल्या माणसांनी तिला वाचायला हवं ना, वसुधा. नियम माझा नाही. नोव्हेंबरअखेर मला यादीवर सही करायची आहे. तोवर माणसांनी नेली, खऱ्या माणसांनी, तर मी खोडून टाकीन." 'खऱ्या' म्हणताना तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं.

म्हणजे हातात आठ आठवडे, आणि मला तर दुसरं काहीच येत नव्हतं, फक्त डागडुजी येत होती. तेव्हा निदान 'अवस्था वाईट' एवढा तरी शेरा पुसू, म्हणून मी सातही पुस्तकं घरी आणली. पाठी चिकटवल्या, पानं शिवली. मुखपृष्ठं पार फाटली होती. मग मी टपाल कचेरीतून खाकी कागदाची गुंडाळी आणली, आणि जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी माझे वडील घालायचे तशी सातही पुस्तकांना कव्हरं घातली. कोपरे आत दुमडून, पाठीला चीर देऊन, चारी बाजू ताठ. पुढे पांढरं लेबल, त्यावर माझ्या बऱ्या अक्षरात बाईंचं आणि पुस्तकाचं नाव. गार्गी आली होती डब्लिनहून. बघत राहिली आणि म्हणाली, "आई, यू'र गॅस." म्हणजे तू भारी विनोदी आहेस. मला त्यात विनोदी काही दिसत नव्हतं. आपल्याकडे जे पुस्तक जपायचं त्याला आपण खाकी कव्हर घालतो, एवढंच मला ठाऊक.

ती फळीवर मी ठेवली नाहीत. धंद्यातली एक गोष्ट सांगते: वाचक फळीवरच्या हजार पुस्तकांकडे ढुंकून बघत नाही, पण दुसऱ्याने नुकतं परत केलेलं पुस्तक मात्र त्याला हवं असतं. म्हणून मी सातही नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांच्या ढकलगाडीवर मांडली. यात खोटी नोंद नव्हती. फक्त गाडी होती.

मॉरीनबाई आल्या. गाडीपाशी थांबल्या. खाकी कव्हराला बोट लावलं, काढून घेतलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि काउंटरवर वाकून मला अगदी हळू विचारलं, "हे तसलं आहे का?"

मला वाटलं, त्या विचारताहेत की हे फाटलेल्यांपैकी आहे का. मी म्हटलं, "हो, पण आता छान वाचता येईल. फक्त जपून न्या. घरी नातवंडांच्या हाती लागू देऊ नका."

मॉरीनबाईंचे गाल लाल झाले. पुस्तक त्यांनी पिशवीत कोबीच्या खाली ठेवलं.

दोन दिवसांत त्यांच्या मंडळातल्या तिघी आल्या आणि सरळ गाडीकडे गेल्या. चौथीने फोन केला: "ते खाकीतलं आहे का शिल्लक?" पुढच्या शुक्रवारी गुरांच्या बाजारातून परतताना पॅट नावाचे एक गृहस्थ चिखलाच्या बुटांनिशी आत आले, बायकोसाठी म्हणाले, आणि पहिलं पान उभ्याउभ्याच वाचायला लागले. नंतर आमच्या चर्चचे पाद्रीबाबा आले. "गावात काय वाचलं जातंय ते मला पाहायला हवं," असं गंभीर चेहऱ्याने म्हणून त्यांनी सगळ्यांत जाडजूड कादंबरी नेली. दहाव्या दिवशी गाडीवर एकही खाकी पुस्तक उरलं नाही, आणि मला कळेना की माझ्या चिकटवण्यात अशी काय जादू आहे.

नुआलाला मी हे सांगितलं तेव्हा ती खुर्चीत मागे रेलून डोळे पुसेपर्यंत हसली. मग तिने समजावलं. एके काळी या देशात पुस्तकांवर बंदी घालणारं मंडळ होतं, आणि त्यांनी इतकी पुस्तकं बंद केली होती की चांगलं म्हणावं असं फारसं काही उरलं नव्हतं. ती पुस्तकं इंग्लंडहून बोटीने येणाऱ्या मावश्या-आत्या चोरून आणायच्या, आणि घरोघर फिरायची ती खाकी कागदात गुंडाळून. "शाळेची पुस्तकं आमच्याकडे उरलेल्या वॉलपेपरात घालायचे," नुआला म्हणाली. "खाकी कागदात काय असतं, ते सत्तरीच्या वरच्या प्रत्येकाला माहीत आहे. माझी आजी तिचं पुस्तक प्रेसमध्ये पिठाच्या डब्यामागे ठेवायची." प्रेस म्हणजे इथलं कपाट. "वसुधा, तू अख्ख्या गावाला चावट पुस्तकं वाटते आहेस असं गाव समजतंय."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मी अशी नकळत झाकून बसले होते. अर्नेस्टीनबाईंच्या पुस्तकांत आहे काय? शिकागोतली भाड्याची खोली, टपाल कचेरीतल्या रात्रपाळ्या, चर्चमधली गाणी, गावाकडे आईला पाठवलेली पत्रं. चावटपणाच्या आशेने नेऊन हे निघालं की लोक चिडून परत आणतील, पुन्हा कधी हात लावणार नाहीत, आणि हॉस्पिटलातल्या त्या माणसाला मी काय तोंड दाखवू? फसवून वाचायला लावलं, हेही मनाला लागत होतं. ज्या बाईंना मी जिवंतपणी गप्प केलं, त्यांना आता मी बदनामही करत होते.

तेव्हा मॉरीनबाई पुस्तक परत करायला आल्या तशी मी त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं खरं सांगितलं. खाकी कागद, माझे वडील, सोलापूर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते मला तिसाव्या पानावरच कळलं," त्या म्हणाल्या. "एखाद्या ननने लाजावं असंसुद्धा त्यात काही नाही. पण त्या मुलीला त्या खोलीत, त्या ट्रंकेबरोबर एकटी सोडून कशी ठेवून देऊ पुस्तक? माझी बहीण शिकागोलाच गेली होती. तिचीही तशीच ट्रंक होती. तिने लिहिलेल्या पत्रांत सगळं ग्रँड असायचं, आणि ते कसं असणार हे आईला कळायचं." मग पिशवी सावरत म्हणाल्या, "पुढचं आहे का?"

"आणि बाकीच्यांना सांगू का, की..."

"तू गप्प बस," मॉरीनबाई म्हणाल्या. "ते ज्याचं त्याला तिसाव्या पानावर कळेल."

पुस्तकं येत होती आणि काउंटरवरूनच पुढच्या माणसाकडे जात होती. एकविसाव्या पानावर छोटी किटली दिसू लागली. सगळेच खूश होते असं नाही. पॅट एका सकाळी आले आणि त्यांनी पुस्तक जरा आपटूनच ठेवलं.

"यात एक आयरिश पोलीस आहे," ते म्हणाले. "हलकट माणूस आहे. त्या पोराला विनाकारण मारतो."

"तक्रार लिहायची आहे का? अर्ज देते," मी म्हटलं.

त्यांनी टोपी काढून हातात फिरवली. "माझ्या आजोबांचा भाऊ शिकागोत पोलीस होता. आमच्या घराचं छप्पर त्याने पाठवलेल्या पैशाचं. तो आम्हाला तिकडच्या गमती सांगायचा, त्यातली एक ही अशीच होती. आम्ही सगळे हसायचो." त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मी अर्ज परत खणात ठेवला. "शूऽऽ" करणाऱ्या माणसाला गप्प बसणंही जमायला हवं. जाताना त्यांनी विचारलं, "तिची आणखी आहेत का?" मी त्यांचं नाव यादीत घातलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी नुआलाने मला आत बोलावलं आणि माझ्यासमोर सातही ओळी लाल पेनाने एकेक करून खोडल्या. "खरी माणसं," ती म्हणाली. "पण यापुढे कव्हरं घालायच्या आधी मला विचारत जा." मी हो म्हटलं. या वेळचं हो खरं होतं.

जॉन जोंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. यादी आली तेव्हा त्यांना सांगून काळजीत कशाला टाका, म्हणून सांगितलं नाही. आणि चांगलं काही सांगण्यासारखं झालं तोवर फ्लूच्या साथीमुळे हॉस्पिटलातल्या भेटी बंद झाल्या. त्यांना फोनवर बोलायला आवडत नाही. जानेवारीच्या एका मंगळवारी दार उघडलं आणि वॉकर टेकत ते आत आले. मी फोनवर होते, मॉरीनबाईंच्याच. मी हात केला. ते नेहमीच्या सवयीने 'टी'च्या फळीकडे वळले.

फोन ठेवून मी वर पाहिलं तर ते तिथे उभे होते. फळीवर सात पुस्तकांएवढी मोकळी जागा होती. आपलं वाचनालय असतं तर मी तिथे काहीतरी भरून ठेवलं असतं, पण ती जागा तशीच राखायची मला हौस होती. जॉन जोंनी त्या मोकळ्या फळीवर तळहात ठेवला होता. मी धावतच गेले. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "असू दे, वसू. तुझ्या हातातलं नाही ते. पुष्कळ दिवस राहिली ती इथे."

मी त्यांचा कोपर धरून त्यांना काउंटरपाशी आणलं, स्टुलावर बसवलं आणि कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. वाचकांची नावं दुसऱ्याला दाखवायला सक्त मनाई आहे. चौदा वर्षांच्या नोकरीत मी तो नियम एकदाच मोडला, तो तेव्हा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि बोट ठेवून एकेक नाव मोठ्याने वाचायला लागले. "मॉरीन. बाजारातला पॅट? त्याने आयुष्यात काही वाचल्याचं मला माहीत नाही. आणि हे पाद्रीबाबा? त्यांच्याकडे कधीपासून आहे?"

"तिसऱ्यांदा मुदत वाढवून घेतली आहे," मी म्हटलं. "मी दोन पत्रं पाठवली."

जॉन जो हसायला लागले. माझ्या ग्रंथालयात, मंगळवारी सकाळी, एवढ्या मोठ्याने की वर्तमानपत्रं वाचणारी माणसं वळून बघायला लागली. मी उठले नाही.

मग मी म्हटलं, "तुम्ही नेऊन नेऊन ती जिवंत ठेवली नसतीत तर केव्हाच गेली असती."

जिवंत ठेवणं, खुरपणी, यादी, यातलं त्यांना काही समजेना. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. "ते मला कुठलं माहीत? मी त्यातलं एकही पान उघडलेलं नाही, वसू. ती लिहायची ते सगळं मला स्वयंपाकघरात वाचून दाखवायची, आता माझ्या आवाजात कशाला वाचू. घरी तिची स्वतःची एक प्रत नाही, सगळी वाटून टाकली तिने. मी आपलं एक न्यायचो आणि तिच्या खुर्चीत ठेवायचो. संध्याकाळी ती घरी असली म्हणजे बरं वाटतं."

एवढी वर्षं मी त्यांच्या पुस्तकांची नोंद केली आणि मला वाटत होतं की मला वाचकाची नस कळते. डोळे पुसायला मी खाली वाकून कागद शोधत असल्याचं सोंग केलं. वर आले ती घाईघाईने म्हणाले, "मी तुमच्यासाठी एक राखून ठेवते. पहिल्याला तुमच्या आधी पाच जण आहेत, पण मी वर घालते तुमचं नाव."

"वर नको," ते म्हणाले. "ती घरी कधी असायचीच नाही. मी बस लावून यायचो तर ही कुणाच्या ना कुणाच्या स्वयंपाकघरात बसून गप्पा मारत असायची. मला अख्ख्या गावातून शोधत फिरावं लागायचं." ते वॉकर धरून उठले. "माझं नाव सगळ्यात शेवटी घाल. आणि नवीन कुणी आलं की त्याच्या मागे."

कॉम्प्युटरला हे जमत नाही. दर वेळी त्यांचं नाव काढायचं आणि पुन्हा नव्याने घालायचं, असं मला हाताने करावं लागे. सव्वा वर्ष मी ते केलं. ते दर मंगळवारी काउंटरशी येऊन फक्त आपला नंबर विचारायचे. या मार्चमध्ये मी निवृत्त झाले, तोही मंगळवारच होता. त्या दिवशी जॉन जो अकरावे होते. मी आकडा सांगितला तसे ते टोपी उचलून म्हणाले, "गेल्या आठवड्यात नववाच होतो," आणि खुशीत घरी गेले.